फक्त या डब्यासाठी

अकराव्यांदाही तसंच झालं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर खालून वर सरकल्या, मेमरी मोजून झाली, आता प्रोसेसर मोजायचे म्हणेपर्यंत सगळं थबकलं, आणि तळाशी ती ओळ आली: पंधरा सेकंदांत मशीन आपोआप पुन्हा सुरू होईल, थांबवायचं असेल तर कुठलंही बटन दाबा. मी दाबलं नाही. पंधरा सेकंद हा मोठा विचित्र वेळ आहे. काही करायला पुरत नाही आणि नुसतं बसून राहायला संपत नाही. मी जिन्याखालच्या या खोलीत, जिथे उभं राहिलं की डोकं आपटतं आणि बसलं की गुडघे कपाटाला लागतात, सकाळी साडेआठपासून असे पंधरा-पंधरा सेकंद जगत होते. बाहेर सदर बाजारात रविवारची निवांत वर्दळ होती. कुणी तरी स्कूटरला किका मारत होतं आणि तीही सुरू होत नव्हती. मला उगीच बरं वाटलं. म्हटलं, चला, आज झाशीत आपण एकटे नाही.

गुरुवारी आमच्या स्कॅन सेंटरमध्ये नवा इन्व्हर्टर बसवताना विजेचा असा काही झटका आला की दोन ट्यूबलाइट आणि आमचा फायरवॉलचा डबा, असे तिघं एकदम गेले. ट्यूबलाइट नव्या आल्या. डबा कसा येणार? दहा वर्षांचा, रुंदीला शिध्याच्या डब्याएवढा, पडदा नाही, की-बोर्ड नाही, नुसता एक हिरवा दिवा. पण सेंटरच्या दाराशी बसलेला पहारेकरी तोच होता. आतून बाहेर काय जातंय, बाहेरून आत कोण येतंय, सगळं त्याच्या डोळ्यांखालून. इथे काढलेले मेंदूचे, छातीचे स्कॅन वाचायला कानपूरला जातात, तिथल्या डॉक्टरांकडे, आणि ते जातात एका बंद वाटेनं, जिच्या किल्ल्या फक्त या डब्यापाशी होत्या. डबा गेला तशी वाट बंद. तीन दिवस आम्ही स्कॅनच्या सीड्या करून कानपूरच्या बसच्या कंडक्टरच्या हाती देत होतो. शुक्रवारी पडून डोक्याला मार लागलेले एक आजोबा आले. त्यांचा मुलगा काउंटरसमोरच्या बाकावर पाच तास बसून होता आणि दर अर्ध्या तासानं उठून विचारत होता, “दीदी, कानपुर से कुछ आया?” कानपूरहून काय येणार, बस उरईच्या अलीकडे पंक्चर झालेली होती. शनिवारी संध्याकाळी डॉक्टर प्रिया जी, म्हणजे आमच्या मालकीणबाई, माझ्याजवळ आल्या आणि फार मायेनं म्हणाल्या, “सिंधू जी, कल तक हो जाए तो ठीक, नहीं तो सोमवार से ये सब ग्वालियर की कंपनी देख लेगी। आप आराम से वापस काउंटर पर बैठिए, टेंशन ख़त्म।” रागानं म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते. मी “जी” म्हटलं आणि दतिया गेटपर्यंत स्कूटरवर डोळे पुसत गेले. वाऱ्यानं पाणी येतंय असं स्वतःला सांगत.

काउंटर वाईट आहे असं नाही. बारा वर्षं बसलेय मी त्यावर. नाव, वय, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आधी कुठे दाखवलं, चांदीच्या साखळ्या काढून ठेवा. पण चाळिसाव्या वर्षी श्यामसुंदर जींनी मला त्या काउंटरवरून उठवलं. ते सेंटरचे नेटवर्कवाले. चिरगावचे, आठवड्यातून तीनदा बसनं येणारे, कानात पेन खोचलेले, कायम कुठल्यातरी तारेवर रागावलेले. एक दिवस मी सहज विचारलं, की तुम्ही तार तोडून तिच्या आतल्या आठ रंगीत तारा कुठल्या क्रमानं लावता, आणि तो क्रम ठरवला कोणी? त्यांनी हातातली तार खाली ठेवली. म्हणाले, “पंद्रह साल में पहली बार किसी ने पूछा।” त्या दिवसापासून दुपारी जेवणाच्या सुट्टीत शिकवणी सुरू झाली. मी पहिल्या नऊ तारा चुकवल्या. दहावी बरोबर आली तेव्हा त्यांनी फक्त माझ्या हातातली चिमटीसारखी पक्कड घेऊन माझ्याच पर्समध्ये टाकली. ती अजून तिथेच आहे. लिपस्टिक नाही, पक्कड आहे. माझी लेक ईशा मैत्रिणींना हे मोठ्या अभिमानानं सांगते. घरी आबासाहेब, म्हणजे माझे वडील, हयात होते तेव्हा खूश झाले होते. आपले पूर्वज दक्षिणेतून इथे आले ते दरवाज्यावरच्या पहाऱ्यासाठी, असं ते नेहमी सांगत. आता पोरगी पुन्हा पहाऱ्यावर लागली म्हणाले. मी म्हटलं, आबा, त्यांना निदान भाला होता.

सात वर्षं. त्यांतली पाच श्यामसुंदर जींच्या हाताखाली आणि दोन एकटीनं, ते गुडघ्यांपायी चिरगावला शेतावर जाऊन बसले तेव्हापासून. जाताना त्यांनी मला डब्याच्या सगळ्या सेटिंगची फाइल पेन ड्राइव्हमध्ये घालून दिली. तो पेन ड्राइव्ह मी घरी देवांच्या खणात ठेवला, हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी. सांगायला लाज वाटते, पण ठेवला. काल रात्री तो काढून आणला आणि आज सकाळी कामाला लागले. नवा डबा मागवायला आठ दिवस, म्हणून कोपऱ्यातल्या मोठ्या सर्व्हरच्या पोटातच एक खोटं मशीन तयार केलं. खोटं म्हणजे नुसतं सॉफ्टवेअरचं. सर्व्हर स्वतःच्या मेमरीतून थोडी जागा काढून देतो आणि म्हणतो, समज हा तुझा वेगळा कॉम्प्युटर. घरात भाडेकरू ठेवावा तसं. त्यात फायरवॉलची कोरी प्रणाली टाकली. पहिल्याच फटक्यात सुरू झाली. मी हात जोडले. मग श्यामसुंदर जींची फाइल त्यात घातली, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, आणि काळा पडदा. पांढऱ्या ओळी. थबकणं. पंधरा सेकंद.

शहाण्या माणसानं इथेच ओळखलं असतं. कोरी प्रणाली चालते, फाइल घातली की पडते, म्हणजे खोट फाइलीत आहे. पहिलीतल्या पोराला कळेल असा हिशेब. आणि मलाही कळलं होतं, खोटं कशाला बोलू, पहिल्या वेळीच कुठेतरी पोटात कळलं होतं. पण मी त्या कळण्याकडे पाठ करून बसले. मेमरी कमी पडत असेल म्हणून दुप्पट केली. प्रोसेसर चार होते ते दोन केले, मग एक केला. खोट्या मशीनला खोटं नेटवर्क कार्ड असतं, ते बदललं. खोटी डिस्क बदलली. एकदा तर घाईत तीन गोष्टी एकदम बदलल्या, म्हणजे चाललं असतं तरी कशानं चाललं ते कळलं नसतं. श्यामसुंदर जींनी पाहिलं असतं तर पेन कानातून काढून टेबलावर आपटलं असतं. प्रत्येक वेळी नवी कोरी प्रणाली, प्रत्येक वेळी तीच फाइल, जशीच्या तशी, अख्खी. तीन हजार ओळींची ती फाइल मी सात वर्षांत एकदाही उघडून पाहिली नव्हती. का, तर पहिल्या आठवड्यात ते म्हणाले होते, “इसको कोई हाथ नहीं लगाएगा।” आता मला तो दिवस लख्ख आठवतो. झाडूवाल्या बाईंनी ओल्या फडक्यानं डबा पुसला होता, त्यावरून ते ओरडले होते. ओल्या फडक्यावरून! आणि मी ते वाक्य घेतलं आणि डब्यावरून डब्याच्या फाइलीवर नेलं, आणि तिथून देवांच्या खणापर्यंत. आमच्या रक्तातच आहे ते. एकदा कुणी मोठ्यानं नाही म्हटलं की आम्ही पुढच्या सात पिढ्यांना पुरेल इतकं नाही म्हणतो.

बाराव्यांदा काहीतरी बदलून बघणार तेवढ्यात ईशाचा फोन आला. हॉलमधला फ्रिजचा प्लग जळाला होता, तिनं मेकॅनिकला बोलावलं होतं. “आई, भैया बोल रहे हैं की फ्रिज किचनमधल्या कोपऱ्यात ठेवा, तिथे प्लग आहे ना, वो ख़ाली वाला कोपरा. ठेवू?” मी म्हटलं, त्या कोपऱ्यात नाही ठेवायचं. “क्यों?” नाही ठेवायचं म्हणून नाही ठेवायचं. आमच्या घरात स्वयंपाकघराला अजूनही मुदपाकखाना म्हणतात, दहा बाय आठची खोली आहे ती, आणि तिचा दक्षिणेचा कोपरा कायम मोकळा असतो. फ्रिज हॉलमध्ये, पाहुण्यांच्या डोक्याशी घुरघुरत, पण कोपरा मोकळा. ईशा म्हणाली, “आई, पर रीज़न तो बताओ. कुणी सांगितलं होतं?” आबासाहेबांनी. “और उनको?” त्यांच्या वडिलांनी. “और उनको?” तिकडून मेकॅनिकचा खोकला ऐकू आला. खरं म्हणजे मी एकदा आबांना विचारलं होतं. ते म्हणाले, तिकडच्या आपल्या घरात त्या बाजूला विहीर असेल कदाचित. असेल. कदाचित. कुठल्याशा गावातली, अडीचशे वर्षांपूर्वीची, असेल-नसेल अशी विहीर, आणि तिच्यात पडू नये म्हणून आम्ही झाशीत फ्रिज हॉलमध्ये ठेवतो. “बताती हूँ, थोड़ा रुक,” मी ईशाला म्हटलं आणि फोन ठेवला. मधल्या वेळात मशीन आपोआप सुरू होऊन पुन्हा पडलं होतं, पडद्यावर पंधराचे चौदा झाले होते, चौदाचे तेरा. मी पहिल्यांदा बटन दाबलं, मोजणी थांबवली. आणि पेन ड्राइव्हमधली फाइल उघडली.

फाइल उघडली म्हणजे काय केलं, तर तिच्यावर दोनदा क्लिक केलं. इतकंच. पण मला दुसऱ्याचं पत्र फोडल्यासारखं झालं. नियमांच्या शेकडो ओळी गेल्या, किल्ल्यांची ती लांबच लांब अगम्य अक्षरं गेली. मी फक्त अशा ओळी शोधत होते ज्या मशीन सुरू होतानाच लागू होतात, कारण पडणं तिथलं होतं. शेवटाकडे, अगदी तळाशी, श्यामसुंदर जींनी हातानं घातलेली एकच तशी ओळ होती. प्रणालीला सांगणारी, की सुरू होताना मदरबोर्डकडे काहीही चौकशी करू नकोस. आणि तिच्याशेजारी, जिथे वर्णन लिहायला जागा असते पण कुणीही कधी काही लिहीत नाही, तिथे इंग्रजी अक्षरांतलं त्यांचं हिंदी होतं. मी हळूहळू वाचलं, काउंटरवर दुसऱ्याची चिठ्ठी वाचते तसं, ओठ हलवत.

“यह लाइन सिर्फ़ इसी डिब्बे के लिए है। इसका बोर्ड झूठ बोलता है, इसलिए उससे पूछना बंद किया है। नया डिब्बा आए तो सबसे पहले इसको हटाना, नहीं तो चालू ही नहीं होगा। समझ में न आए तो सिंधू जी से पूछ लेना, काउंटर पर बैठती हैं।”

खाली तारीख होती. सात वर्षांपूर्वीचा मार्च. मी मनातल्या मनात महिने मोजले. तेव्हा मला शिकायला लागून चार महिने झाले होते. चार महिने! नऊ तारा चुकवून दहावी बरोबर आणलेली बाई, जिला राउटर आणि स्विच यांतला फरक सांगताना अजून अडखळायला व्हायचं, तिच्या नावावर या माणसानं पुढच्या कुणा अनोळखी इंजिनिअरला पाठवून ठेवलं होतं. आणि त्या क्षणी मला ती दुपार आठवली. हिवाळा सरत आला होता, ते चिरगावहून पिशवीभर मटार घेऊन आले होते, आणि आम्ही दोघं याच खोलीच्या दारात बसून शेंगा सोलत होतो. ते सांगत होते की हा डबा मोठा लबाड आहे, याचा बोर्ड विचारलं की काहीही सांगतो, पंखा नसताना पंखा आहे म्हणतो, म्हणून मी प्रणालीला सांगून टाकलंय, याला विचारूच नकोस, आपल्या जुन्या कागदांवरून काय ते समजून घे. मी खूप हसले होते. मला ती गंमत वाटली होती, शेजाऱ्याची चुगली असावी तशी. मला शिकवलं जातंय हे कळलंच नव्हतं. त्यांनी मात्र मटार सोलताना माझ्यापाशी ते ठेवलं, आणि जाऊन फाइलीत लिहून आले, की ते सिंधूपाशी आहे.

मग सगळं आपसूक उलगडलं. सर्व्हरच्या पोटातल्या खोट्या मशीनचा खोटा बोर्ड अगदी सरळ आहे, विचारलं की खरं सांगतो. पण ते जुने कागद, म्हणजे जुन्या बोर्डांत भरून ठेवलेली सामानाची यादी, त्याच्यापाशी नाहीत. आणि आमच्या प्रणालीला तर बोर्डाला विचारायचीच मनाई. बिचारी प्रोसेसर मोजायला निघायची, कुणाला विचारायचं नाही, कागद सापडत नाहीत, आणि जागच्या जागी कोसळायची. अकरा वेळा कोसळली, आणि अकराही वेळा मी तिला मेमरी वाढवून देत बसले. पाणी मागणाऱ्याला पंख्यानं वारा घालावा तसं. मी हसले, मग रडले, मग डोळे पुसून कोरी प्रणाली पुन्हा टाकली. ओळ पुसली मात्र नाही. तिच्यापुढे एक खूण केली, म्हणजे मशीन ती वाचणार नाही, पण माणूस वाचू शकेल. या वेळी एकच गोष्ट बदलली, फक्त एकच, आणि मशीन सुरू केलं. पांढऱ्या ओळी सरकल्या. मेमरी मोजली. प्रोसेसर, एक, दोन, तीन, चार. थबकली नाही. डिस्क, नेटवर्क, नियम, किल्ल्या. आणि मग तो साधा, कंटाळवाणा मेनू आला, ज्यात विचारतात की आता काय करायचं. इतका सुंदर मेनू मी जन्मात पाहिला नाही.

कानपूरची वाट उघडली का, ते बघायला गुरुवारपासूनचे अडकलेले स्कॅन पाठवायला लावले. एकेक जाऊ लागला. त्या पडलेल्या आजोबांचा तिसरा होता. सीडी तर त्यांची काल उशिरा पोचलीच होती, पण मी बघत राहिले. तो पोचला म्हणून हिरवी खूण आली तेव्हा मला त्यांच्या मुलाचा बाक आठवला. डॉक्टर प्रिया जींना निरोप टाकला. त्यांचं उत्तर लगेच आलं, “वाह सिंधू जी! ग्वालियर वालों को मना कर देती हूँ।” मी तो निरोप दोनदा वाचला आणि फोन पालथा घातला. आनंद झाला, पण तो त्या निरोपातला नव्हता. तो सात वर्षांपूर्वीच्या मार्चमधून येत होता, इतक्या उशिरा, आणि मला सारखं वाटत होतं की कुणाचे तरी पाय धरावेत. ज्यानं कधी तोंडावर शाबासकी दिली नाही त्यानं ती अशा जागी लिहून ठेवली जिथे ती मला दिसायची सक्ती नव्हती. माझ्यासाठी लिहिलेलीच नव्हती ती. म्हणूनच खरी होती.

खोलीतून बाहेर आले तर बारा वाजून गेले होते. रिकाम्या हॉलमध्ये बाक ओळीनं उभे, टीव्ही बंद. जेवणाचा डबा आणला होता, पोळी आणि मेथीची भाजी. कुठे बसावं म्हणून पाहिलं आणि काउंटरमागच्या माझ्या जुन्या खुर्चीत बसले. तिचं एक चाक अजून तसंच वाकडं आहे. तिथून दार दिसतं, जिन्याखालची खोली दिसते, बाकावर कोण बसलंय आणि कोण उठतंय ते दिसतं. कालपासून जिच्या भीतीनं मी अर्धी झाले होते तीच खुर्ची. पहिला घास घेण्याआधी श्यामसुंदर जींना फोन लावला. बराच वेळ वाजला. मग मागे कुठल्याशा पंपाचा आवाज आणि त्यांची हाक, “काए बिन्नू?” बिन्नू म्हणजे बुंदेलीत लेक किंवा बहीण, दोन्ही. मी सगळं सांगितलं, एका दमात. डबा जळाला, अकरा वेळा पडलं, मग तुमची ओळ, मग तुम्ही लिहिलेलं.

“हमने लिखी हती?” ते म्हणाले.

“हाँ जी. सात साल पहले. बोर्ड झूठ बोलता है, ऐसा.”

“होगी।” ते म्हणाले. “हमें तो याद नईं आ रई, बिन्नू।”

आभार मानायला फोन केला होता आणि ज्याचे मानायचे त्याच्या लक्षातही नव्हतं. मला वाटलं होतं की वाईट वाटेल. पण नाही वाटलं. उलट असं झालं, की आता हे फक्त माझ्यापाशी आहे, अख्खं, आणि मी सांभाळायचं आहे. मी म्हटलं, “कोई बात नहीं, मुझे याद है. आपका बहुत उपकार है मुझ पर.” ते गडबडले. उपकारबिपकार ऐकायची सवय नाही त्यांना. म्हणाले, मटार भरपूर आलाय, बसवाल्याच्या हाती पिशवी पाठवतो, सोलायला वेळ काढ. आणि मग, विषय बदलायला म्हणून, आत्ता कुठे बसलीयेस ते त्यांनी विचारलं, पंपाच्या आवाजावरून ओरडून, “अबै कितै बैठी हो?”

मी डब्यातल्या पोळीकडे पाहिलं, समोरच्या रिकाम्या बाकांकडे पाहिलं.

“काउंटर पर,” मी म्हटलं. “काउंटर पर ही बैठती हूँ.”